जुन्या रायफलीचा दस्ता

शंभर वर्षांपूर्वीची चांगल्या घडणीची शिकारी रायफल आज हाती घेतली, तर बहुतेक वेळा तिचे पोलाद शाबूत निघते आणि लाकूड थकलेले असते. बोल्ट अजून सुरळीत सरकतो, चाप ठरल्या जागी सुटतो, नळीवरचे ठसे वाचता येतात. पण दस्त्याला मुठीपाशी चीर गेलेली असते, टँगच्या, म्हणजे पोलादी भागाच्या मागे निघालेल्या चिंचोळ्या शेपटीच्या, मागची ढलपी उडालेली असते, वर्षानुवर्षे तेल पिऊन लाकूड काळे आणि भुसभुशीत झालेले असते. त्यावर कधीकाळी कुणीतरी मारलेला व्हार्निशचा थर पिवळा पडून सोलवटलेला असतो. रायफल थकते ती अशी, लाकडाच्या बाजूने. हे पुस्तक त्या लाकडाबद्दल आहे. ते कसे तपासावे, कधी वाचवावे, कधी बदलावे आणि बदलायचेच ठरले तर अक्रोडाच्या फळीतून नवा दस्ता कसा घडवावा, हा त्याचा विषय.

दस्त्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. प्रत्यक्षात रायफल आणि माणूस यांची गाठ पडते ती दस्त्यातच. खांद्याला तो टेकतो, गाल त्याच्यावर विसावतो, मूठ त्याला धरते. गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का आधी लाकूड घेते आणि मग शरीर. नळ्या हजारोंच्या संख्येने एकसारख्या निघतात. उत्तम दस्ता मात्र एका माणसाच्या हाताच्या, मानेच्या आणि गालाच्या मापाने घडवलेला असतो. म्हणून जुनी रायफल दुरुस्त करताना लोखंडाला फारसे प्रश्न विचारावे लागत नाहीत. अवघड प्रश्न लाकडाचे असतात आणि त्यांची उत्तरे हातात पटाशी घेण्याआधी द्यावी लागतात.

पुस्तकातले बहुतेक विवेचन एका जातीच्या रायफलीभोवती फिरते. जर्मनीतल्या माउझर १८९८ अ‍ॅक्शनवर (म्हणजे बोल्ट आणि त्याला धरणारा पोलादी सांगाडा) इंग्लंडमध्ये बांधलेली शिकारी रायफल ही ती जात. पाउल माउझर यांचा कारखाना नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात होता. १८९८ मध्ये जर्मन सैन्याने त्यांची जी रायफल स्वीकारली, तिच्या बोल्टला पुढे दोन भक्कम लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवून धरणारे उंचवटे, होते आणि मागे सुरक्षेसाठी तिसरा. काडतूस मॅगझिनमधून वर येताच लांब पोलादी पकड त्याची कड धरते आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. काडतुसाची टोपी फुटलीच तर गरम वायू बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला भोके ठेवलेली असतात. हे सगळे सैनिकासाठी योजलेले होते. पण रानात जनावरासमोर उभ्या राहिलेल्या माणसालाही हाच भरवसा हवा होता.

इंग्लंडमध्ये हे लवकर ओळखले ते जॉन रिग्बी अँड कंपनीने. १७७५ मध्ये डब्लिनला सुरू झालेली ही पेढी पुढे लंडनला आली. तिच्या घराण्यातले जॉन रिग्बी १८८७ पासून काही वर्षे एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख होते, त्यामुळे लष्करी रायफलीचे गुणदोष त्यांना आतून ठाऊक होते. माउझरची अ‍ॅक्शन ब्रिटनमध्ये विकण्याचे हक्क रिग्बींनी मिळवले, तिला सडपातळ नळी आणि उत्तम अक्रोडाचा दस्ता दिला, आणि शिकारी रायफलीचा एक नमुनाच तयार झाला. वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड अशा इतर नामांकित पेढ्यांनीही माउझर अ‍ॅक्शनवर रायफली बांधल्या. माउझरचेच ७ बाय ५७ मिलिमीटरचे काडतूस रिग्बींनी १९०७ मध्ये .२७५ रिग्बी या नावाने बाजारात आणले. त्याची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची. धक्का बेताचा, नेम सरळ, वजन हलके. डोंगराळ मुलखात दिवसभर खांद्यावर वागवायला यापेक्षा सोयीची रायफल त्या काळी क्वचितच असेल.

या जातीची सर्वांत प्रसिद्ध रायफल आपल्या देशाशी जोडलेली आहे. नेपाळात आणि कुमाऊँमध्ये ४३६ माणसे मारल्याची नोंद असलेल्या चंपावतच्या वाघिणीला जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारले. त्याबद्दल तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. ती भेट कशासाठी दिली हे सांगणारी चांदीची पट्टी तिच्या दस्त्यात बसवलेली आहे. कॉर्बेटने पुढे वर्षानुवर्षे ही रायफल वापरली. १९४७ मध्ये तो केनियाला गेला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. त्याचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ मध्ये आपल्या मुंबईतून प्रसिद्ध केले होते. रायफलही पुढे याच प्रकाशनसंस्थेकडे राहिली आणि अलीकडच्या काळात रिग्बी पेढीकडे परत गेली. काही वर्षांपूर्वी ती भारतात आणून लोकांना दाखवण्यातही आली.

कॉर्बेटच्या रायफलीचा दाखला मी देतो तो तिच्या कीर्तीसाठी नाही. ती चांदीची पट्टी कुठे आहे ते पाहा. नळीवर नाही, बोल्टवर नाही; ती लाकडात आहे. मधल्या काळात कुणा हौशी माणसाने दस्ता जुना झाला म्हणून बदलला असता आणि जुने लाकूड चुलीत घातले असते, तर पोलाद जसेच्या तसे राहिले असते; पण ही रायफल कुणाची, तिला कुठल्या दिवसासाठी घडवले, हे सांगणारी गोष्ट संपली असती. पट्टी नसलेल्या साध्या रायफलीलाही हे लागू आहे. मुठीजवळ झिजलेली नक्षी, पट्ट्याच्या कडीने पडलेला घासा, गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली कड या सगळ्या नोंदी लाकडावरच असतात. या पुस्तकाचे सांगणे एवढेच आहे: जुने लाकूड त्याचे काम करू शकत असेल तोवर ते वाचवा. ते करू शकत नसेल तर नवा दस्ता मनापासून, पूर्ण कौशल्याने घडवा आणि जुना जपून ठेवा. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याचा विस्तार आहेत.

आपल्याकडे अशा रायफली येण्याचे मार्ग अनेक होते. संस्थानिकांनी त्या थेट लंडनहून मागवल्या. अधिकाऱ्यांनी, वकिलांनी, जमीनदारांनी मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांतून घेतल्या. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत मुंबईत आजही उभी आहे. शिकारीची हत्यारे विकणाऱ्या जुन्या दुकानांत या स्टोअर्सचे नाव मोठे होते. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच रायफली वारसाने पुढच्या पिढीकडे आल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. तो संपला हे चांगलेच झाले, असे मी मनापासून मानतो. स्वतः कॉर्बेटने उत्तरायुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक हाताळला आणि वाघ वाचवण्याची बाजू मांडली. आज या रायफलींना जनावरावर उठायचे नाही. काही परवानाधारकांच्या हाती त्या रेंजवर लक्ष्यभेदासाठी येतात, बाकीच्या कपाटात असतात. पण लोहाराची, सुताराची, नक्षीकाराची आणि मोजमाप जाणणाऱ्या कारागिराची विद्या एकाच वस्तूत इतक्या नेमकेपणाने एकत्र आलेली फार थोड्या ठिकाणी दिसते. ती विद्या गंजून, किडून नाहीशी होऊ द्यायची नसेल, तर ही वस्तू सांभाळावी लागेल.

सांभाळण्याला कायद्याची चौकट आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे रायफल बाळगायला परवाना लागतो आणि दुरुस्तीचा धंदा करायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. नळी आखूड करणे, क्रमांक किंवा ओळखीच्या खुणा घासून काढणे हे गुन्हे आहेत. म्हणून या पुस्तकात नळी, बोल्ट आणि चाप यांच्या अंतर्गत कामाबद्दल एकही कृती दिलेली नाही. ते काम परवानाधारक कारागिराचे. रायफल दस्त्यातून मोकळी करणे आणि पुन्हा बसवणेही त्याच्या देखरेखीखालीच व्हावे. वाचकाने आपला वेळ, डोळा आणि हात लाकडासाठी राखून ठेवावेत. तेवढे काम एका माणसाला पुरून उरते.

पहिले प्रकरण तपासणीचे आहे. इंग्लिश रायफलीच्या नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे असतात. जास्त दाबाचे काडतूस उडवून नळीची चाचणी झाल्याची ती खूण. हे ठसे वाचायला शिकले की नळी काळ्या दारूसाठी तपासली होती की धूर न करणाऱ्या दारूसाठी, हे कळते. हा फरक जिवाचा आहे. नळीच्या आतली अवस्थाही पाहावी लागते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मागे क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळीला आतून खड्डे पाडतो. साध्या तेलाने हा क्षार निघत नाही, त्याला गरम पाणी लागते. मुंबईसारख्या दमट हवेत एकच पावसाळा दुर्लक्ष झालेली नळी कायमची खराब होऊ शकते. म्हणून दस्त्यावर एक रुपयाही खर्च करण्याआधी लोखंड जाणत्या कारागिराला दाखवावे. ज्या रायफलीची नळी गेली आहे तिलाही चांगला दस्ता जरूर करावा; पण ती झाडायची नाही, फक्त जपायची आहे, हे आधी ठरवून.

दुसरे आणि तिसरे प्रकरण जुन्या लाकडाच्या उपचाराचे. दस्त्याला जागोजाग पोचे पडलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच पोच्यांत लाकूड गेलेले नसते, नुसते दबलेले असते. ओले सुती फडके पोच्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्रीचे टोक टेकवले की वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. ज्याचे तंतू तुटलेत तो पोचा मात्र तसाच राहतो. तो घासून सपाट करण्यापेक्षा राहू द्यावा. तेलाने काळे पडलेले लाकूड हा जास्त चिवट आजार आहे. पूर्वी रायफल नळी वर करून उभी ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे बोल्टचे तेल ओघळून नेमके मुठीच्या आत, टँगच्या मागे मुरत गेले. खडूची बारीक भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून तिचा लेप दिला की सुकताना ती तेल ओढून घेते. लेप पांढरा होता तो तपकिरी होतो. तो झाडून काढायचा आणि पुन्हा द्यायचा. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून लांब आणि घाई न करता करायचे असते.

चिरेचे कारण समजून न घेता ती चिकटवली तर ती परत उघडते. टँगच्या मागची चीर जवळजवळ नेहमी एकाच कारणाने येते. अ‍ॅक्शनच्या खाली पुढच्या बाजूला रिकॉइल लग नावाचा जाड पोलादी उंचवटा असतो. धक्का त्याने घ्यायचा आणि मागच्या लाकडाच्या भक्कम भिंतीवर सोपवायचा, अशी योजना असते. भिंत दबली की अ‍ॅक्शन केसभर मागे सरकते आणि टँगचे टोक मुठीच्या लाकडात पाचरीसारखे घुसते. म्हणून चीर भरण्याआधी लगमागची भिंत नीट करावी लागते आणि टँगच्या मागे कागदी पत्त्याच्या जाडीएवढी फट मोकळी ठेवावी लागते. लोखंडाला दस्त्यात आवळून धरणाऱ्या, माउझरच्या मागच्या गार्ड-स्क्रूभोवती एक छोटी पोलादी नळी असते. वरच्या आणि खालच्या लोखंडातले अंतर ती कायम ठेवते आणि स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चेपू देत नाही. दुरुस्तीला गेलेल्या रायफलीतून ही नळी अनेकदा हरवलेली असते. क्षुल्लक दिसणारा हा तुकडा परत बसवल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आणि तरीही एक वेळ अशी येते की जुने लाकूड हरते. मूठ आरपार मोडलेली असते, वाळवी किंवा भुंग्याने आतून पोखरलेली असते, किंवा मूळ दस्ता कधीच जाऊन त्या जागी कुणीतरी सागवानाचा ठोकळा बसवलेला असतो. सागवान आपल्याकडे सर्वांत मानाचे लाकूड, पण दस्त्याला ते योग्य नाही. ते सरळ रेषेत चटकन फुटते, त्यातली वाळू पटाशीची धार घालवते आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकट पदार्थ नीट धरत नाही. शिसवी मजबूत आणि देखणे, पण जड. तोल बिघडतो. अक्रोडाने जगभर हे स्थान मिळवले ते योग्यच आहे. वजन बेताचे, धक्का सोसण्याइतके लवचीक आणि बारीक नक्षीची कड न ढासळता धरणारे असे दुसरे लाकूड सहज मिळत नाही. फ्रान्स, तुर्कस्तान आणि कॉकेशस इथला अक्रोड यासाठी नावाजला गेला. आपल्या काश्मीरचा अक्रोडही त्याच जातीचा, आणि त्याचे दस्ते पूर्वीपासून होत आले आहेत.

फळी निवडणे हा या विद्येतला अर्धा शहाणपणा. नवशिका माणूस पाण्याचा हात फिरवून लाकडातली काळी-सोनेरी लहर पाहतो आणि तिथेच हरखतो. जाणता माणूस आधी मुठीची जागा पाहतो. तिथे रेषा मुठीच्या लांबीबरोबर धावल्या पाहिजेत. आडव्या निघून गेल्या तर पहिल्याच पडण्यात दस्ता तिथे मोडणार. लहरी, गाठी, बुंध्याजवळची गुंतागुंतीची नक्षी हे सगळे बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या बाजूच्या, मागच्या भागात चालते, तिथे ताण कमी असतो. पुढचा दस्ता सरळ रेषांचा हवा, नाहीतर हवामानाबरोबर तो पिळतो आणि नळीला ढकलून नेम हलवतो. फळी पुरती सुकलेली असणे तर सगळ्यात आधी. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब आजही वाईट नाही. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे फळी दर आठवड्याला वजन करून पाहणे. वजन उतरायचे थांबले की ती त्या हवेला सरावली. आपल्या राज्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. कोकणातल्या पावसाळ्यात घट्ट बसवलेला दस्ता मराठवाड्याच्या मे महिन्यात आक्रसतो आणि गार्ड-स्क्रू सैल पडतात. म्हणून लोखंड बसवण्याचे काम कोरड्या, स्थिर हवेच्या महिन्यांत करावे, असे पुस्तकात आग्रहाने सांगितले आहे.

मापांच्या प्रकरणाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर इंग्लिश रायफलीत साधारण चौदा इंचांच्या आसपास असते. आखूड हाताच्या माणसाला एवढी लांबी खांद्यात अडते. गाल टेकण्याच्या कडेची उंची डोळा साइटच्या रेषेत आणते. जुन्या रायफली उघड्या साइटसाठी बांधलेल्या, त्यामुळे त्यांची कड खाली असते. अशा रायफलीवर दुर्बीण चढवली की मान ताणून पाहावे लागते आणि धक्का गालफडाला बसतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे कलवतात, काही मिलिमीटरच, पण मान न वाकवता डोळा साइटमागे येतो तो त्यामुळे. ही मापे घेताना माणसाला डोळे मिटून मोकळी रायफल खांद्याला लावायला सांगावे आणि मग डोळे उघडायला सांगावे. कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्या क्षणी डोळा कुठे आहे हे जास्त खरे बोलते.

सगळ्या कामाचा गाभा मात्र लोखंड लाकडात बसवण्यात आहे. त्यासाठी सर्वांत मोठे प्रकरण दिले आहे. काम असे चालते. दिव्याचे काजळ थोड्या तेलात कालवून त्याचा पातळ हात अ‍ॅक्शनच्या तळाला, लगला आणि टँगला बोटाने देतात. अ‍ॅक्शन खाचेत ठेवून वरून लाकडी हातोडीचा हलका ठोका देतात आणि ती वाकडी न होऊ देता सरळ वर उचलतात. जिथे लोखंड टेकले तिथे लाकडावर काळा डाग उठतो. तो डाग, तेवढाच, पटाशीने कागदासारखा सोलून काढायचा. पुन्हा काजळ, पुन्हा ठोका, पुन्हा डाग. सुरुवातीला कडांवर दोन-चार मोठे डाग दिसतात. काम खोल जाते तसे ते लहान आणि जास्त होत जातात. शेवटी खाचेच्या तळभर बारीक काळे ठिपके सारखे पसरतात. म्हणजे लोखंडाला सगळीकडून आधार मिळाला. ठोक्याचा आवाजही बदलतो. आधी पोकळ येणारा ठोका आता भरीव येतो. इथे घाईने एक जास्तीची खरड काढली तर ती भरून येत नाही. लगच्या मागच्या भिंतीला इपॉक्सीचा पातळ थर द्यायला आजचे कारागीर मागेपुढे पाहत नाहीत आणि मीही त्याच्या बाजूचा आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही आणि लाकडाचे आयुष्य वाढवतो. पण काजळाचे काम टाळण्यासाठी त्याचा वापर करू नये.

बाहेरचा आकार, नक्षी आणि तेल या तिन्हींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मुठीवरची हिरेकट नक्षी ओल्या हाताला पकड मिळावी म्हणून असते. एका इंचात वीस ते चोवीस रेषा, हातातल्या छोट्या दातेरी हत्याराने, एकेक करून. जुन्या दस्त्यावर ही नक्षी झिजलेली असेल तर त्याच रेषांतून हत्यार हलके फिरवून ती उजळता येते. काचपेपर मारून ती साफ करणाऱ्याला मात्र ती परत मिळत नाही. तेलाचे काम धीराचे. आधी लाकूड ओले करून उठलेले तंतू घासून काढायचे, मग जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात तळव्याने चोळायचे आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून जाड थर कधीच नीट वाळत नाही, चिकट राहतो. लंडनचे कारागीर या तेलात अल्कानेटची मुळे भिजवून त्याला लालसर छटा आणत. आपल्या मसाल्याच्या दुकानात मिळणारे रतनजोत त्याच कुळातले आणि तोच रंग देणारे आहे. एक धोक्याची सूचना पुस्तकात जागोजाग आली आहे, ती इथेही देतो: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. ती पसरून बाहेर वाळवा.

लोखंडाच्या बाह्य रूपाबद्दल एकच प्रकरण आहे आणि ते मुख्यतः संयमाचे आहे. जुन्या नळीची काळसर निळाई गंजातूनच घडवलेली असते. पोलादावर मुद्दाम बारीक गंज धरू देतात, नळी पाण्यात उकळतात, तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, तो तारेच्या बारीक ब्रशने हलका घासतात आणि हेच पुन्हा पुन्हा करतात. आजच्या गरम क्षाराच्या पद्धतीने हे काम झटपट उरकते, पण तिच्याआधी नळी पॉलिशच्या चाकावर धरली की कडा गोल होतात, अक्षरे बुजतात आणि क्रमांक पुसट होतात. जी झीज वापरातून आली आहे ती राहू द्यावी. गंज थांबवावा, तिथेच हात आवरावा. स्क्रूच्या खाचा मात्र जपाव्यात. बरोबर बसणारा पेचकस नसेल तर स्क्रूला हातच लावू नये.

हे पुस्तक लिहिण्यामागे एक निकड आहे. मराठीत सुतारकामावर पुस्तके आहेत, शिकारकथा भरपूर आहेत. पण या दोहोंच्या मधल्या कामाची विद्या बहुतांशी तोंडी राहिली. ज्यांच्याकडे ती होती अशा जुन्या कारागिरांची दुकाने एकामागून एक बंद होत आहेत, कारण शिकार संपली, नवे परवाने कमी झाले आणि मुलांनी दुसरे धंदे धरले. मला जे येते ते अशाच काही हातांनी शिकवले. शेगड्यात दस्ता कसा धरायचा, पटाशी कधी थांबवायची, गिऱ्हाइकाला नवा दस्ता नको हे कधी सांगायचे, हे त्यांनी बोलून कमी आणि करून जास्त दाखवले. आपापल्या घरच्या रायफली विश्वासाने उघडू देणाऱ्या कुटुंबांचाही मी ऋणी आहे. त्यांच्या इच्छेनुसार कुणाचेच नाव इथे घेतलेले नाही.

वाचकांना शेवटी एक विनंती. काम पुरे झाल्यावर जुना दस्ता फेकू नका. फुटका असला तरी तो स्वच्छ करा, त्याला चिठ्ठी बांधा आणि रायफलीबरोबरच ठेवा. नव्या दस्त्याची बट-प्लेट बसवण्याआधी तिच्याखालच्या लाकडावर पेन्सिलीने साल लिहा, काय बदलले ते लिहा, कुठला चिकट पदार्थ वापरला ते लिहा. जुन्या इंग्लिश दस्त्यांच्या आत कधीकधी कारागिराची आद्याक्षरे सापडतात आणि ती सापडल्यावर पुढच्या माणसाचे काम सोपे होते. आपल्यानंतर ही रायफल ज्याच्याकडे जाईल त्याला आपण काय केले ते कळले पाहिजे आणि आपले चुकले असेल तर ते उलटवताही आले पाहिजे. एवढे सांभाळले, तर नवा दस्ता घडवणारा माणूस त्या रायफलीच्या इतिहासात भर घालतो. ते न सांभाळता कितीही देखणे काम केले, तरी तो इतिहास आपण पुसला असे होते.